विज्ञान शिकलेली स्त्री आणि सत्तेची वाट

मी एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. राहते जोगेश्वरी पूर्वेला. माझ्या आजोबांनी रत्नागिरीकडून येऊन ज्या टेकडीच्या उतारावर पत्र्याची खोली उभी केली, त्याच उतारावर आजही आमचे घर आहे. पत्र्याच्या जागी विटा आल्या एवढाच फरक. वडील रेल्वेत खलाशी होते. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. आत्मकथन लिहावे म्हणून मी हे सांगत नाही. आपल्याकडे आत्मकथने पुष्कळ झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. परंतु ह्या लेखाचा प्रश्न मला ज्या जागी उभी असताना भेटला, ती जागा सांगितल्याशिवाय तो प्रश्न वाचकाला कळणार नाही.

२०२५ च्या नोव्हेंबरात मुंबई महापालिकेच्या निवडणुकीसाठी वॉर्डांच्या आरक्षणाची सोडत निघाली. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी माझी एक विद्यार्थिनी प्रयोगशाळेत तास संपल्यावर मागे थांबली. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची मुलगी. आमच्याच टेकडीवरची, फक्त आमच्यापेक्षा वरच्या अंगाची. म्हणजे जिथे नळाला पाणी शेवटी येते तिथली. तिचा वॉर्ड स्त्रियांसाठी राखीव झाला होता. वस्तीतले एक पुढारी तिच्या घरी येऊन गेले होते. 'पोरगी शिकलेली आहे, बोलते नीट, उभी करू. बाकीचे आम्ही बघतो,' असे ते तिच्या वडिलांना म्हणाले. तिला निर्णय आठवडाभरात द्यायचा होता. तिने मला विचारले, "मॅडम, एम.एस्सी. सोडू का?"

मी तेव्हा काय बोलले ते मला नीट आठवत नाही. काहीतरी गुळमुळीत बोलले असणार. घरी आल्यावर मात्र मला स्वतःचीच चीड आली. बावीस वर्षांच्या मुलीने आयुष्याचा प्रश्न विचारावा आणि शिक्षकाने 'विचार कर, घरच्यांशी बोल' म्हणावे! तिचा प्रश्न मी गेले काही महिने बाळगून आहे. विज्ञान शिकलेली स्त्री राजकारणात जाते म्हणजे नेमके काय सोडते आणि काय बरोबर नेते? आणि हा हिशेब सर्व स्त्रियांचा सारखाच असतो काय?

ह्या प्रश्नाचे पहिले उत्तर आमच्या शेजारीच आहे. जोगेश्वरी आणि गोरेगाव ह्यांच्या मधे आता राम मंदिर नावाचे स्टेशन झाले आहे, आणि त्या भागातल्या उड्डाणपुलाला मृणालताई गोरे ह्यांचे नाव आहे. पुलावरून रोज जाणाऱ्या तरुण मुलांना ह्या बाई कोण हे विचारले तर बहुतेकांना सांगता येत नाही. मी वर्गात विचारून पाहिले आहे.

१९५० मध्ये मुंबई महापालिकेची हद्द जोगेश्वरीपर्यंत आली. १९५७ मध्ये ती पुढे दहिसरपर्यंत गेली. मधली सात वर्षे मुंबई आमच्या इथे संपत होती; पलीकडचे गोरेगाव ग्रामपंचायतीत होते. त्या ग्रामपंचायतीत मृणाल गोरे निवडून आल्या. १९२८ साली जन्मलेल्या ह्या बाई मूळच्या मोहिले. हुशार, वैद्यकीय शिक्षण घेत असलेल्या. राष्ट्र सेवा दल आणि समाजवादी चळवळ ह्यांच्या ओढीने त्यांनी डॉक्टरकीचे शिक्षण अर्धवट सोडले आणि केशव ऊर्फ बंडू गोरे ह्यांच्याशी लग्न करून गोरेगावात काम सुरू केले. १९५८ मध्ये पतीचे निधन झाले. १९६१ मध्ये त्या महापालिकेत निवडून गेल्या. उपनगरातल्या नळांसाठी त्यांनी जी भांडणे केली, त्यांवरून लोकांनी त्यांना 'पाणीवाली बाई' हे नाव दिले. १९७२ मध्ये त्या आमदार झाल्या. त्याच सुमारास महागाईविरुद्ध स्त्रियांची जी संयुक्त आघाडी उभी राहिली, तिच्यात अहिल्याताई रांगणेकरांबरोबर त्या अग्रभागी होत्या. लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या बायकांचे ते मोर्चे आमच्या आजीच्या पिढीला पक्के आठवत. आणीबाणीत मृणालताईंना तुरुंगवास झाला. १९७७ मध्ये उत्तर मुंबईतून त्या लोकसभेवर गेल्या. इंदिरा गांधी त्याच निवडणुकीत हरल्या होत्या, म्हणून लोक म्हणू लागले : पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात.

ग्रामपंचायत, महापालिका, विधानसभा, लोकसभा. स्थानिक प्रश्नापासून राष्ट्रीय सभागृहापर्यंत जाण्याची इतकी सरळ पायवाट मुंबईत दुसऱ्या कुणा स्त्रीची क्वचितच दाखवता येईल. शिवाय सोडलेली विद्याही वाया गेली नाही. पुढे ऐंशीच्या दशकात गर्भजलपरीक्षा करून मुलींचे गर्भ पाडण्याचा धंदा मुंबईत बोकाळला, तेव्हा त्याविरुद्धचा प्रश्न ज्यांनी विधानसभेत लावून धरला त्यांत मृणालताई होत्या. १९८८ मध्ये महाराष्ट्राने तसा कायदा केला. देशातला तो पहिला. केंद्राचा कायदा यायला १९९४ साल उजाडले. विज्ञानाचे तंत्र कुणाच्या हाती पडले म्हणजे कुणाच्या विरुद्ध वापरले जाते, हे ओळखायला डॉक्टरकीची पदवी पूर्ण व्हावी लागत नाही.

मृणालताईंविषयी मला आदर आहे. आमच्या वस्तीतल्या नळाच्या पाण्यातही त्यांच्या भांडणाचा काही अंश आहे. तथापि माझ्या विद्यार्थिनीपुढे त्यांचे उदाहरण ठेवताना माझी जीभ अडखळते. वैद्यकीय शिक्षण सोडून देणे हा त्यांचा त्याग होता, ह्यात शंका नाही. पण त्याग करायलाही आधी हातात काहीतरी निश्चितपणे असावे लागते. ज्या घरात शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्या घरातली मुलगी पदवी सोडते तेव्हा ती स्वतःची पदवी सोडते. आमच्या घरातली मुलगी पदवी सोडते तेव्हा ती आईची धुणीभांडी, वडिलांच्या रात्रपाळ्या आणि धाकट्या भावाची बुडालेली फी हे सगळे सोडून जाते. एकाच कृतीला दोन घरांत दोन अर्थ येतात. आपल्या पुरोगामी मित्रांना हे समजावून सांगताना माझी नेहमी दमछाक होते.

विज्ञानाच्या पदवीचा आमच्या घरांमधला अर्थ समजायचा तर बाबासाहेबांच्या एका निवेदनाकडे जावे लागते. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे एक विस्तृत निवेदन सरकारला सादर केले. त्यातला शिक्षणाविषयीचा भाग आपण जितका वाचायला हवा तितका वाचत नाही. कला आणि कायदा ह्या शाखांच्या शिक्षणाने अस्पृश्यांचे फारसे भले होणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञान ह्यांचे उच्च शिक्षण मिळाले तरच त्यांचा उत्कर्ष होईल, आणि ते शिक्षण इतके महाग आहे की सरकारी मदतीवाचून अस्पृश्य मुलाला ते झेपणे शक्य नाही, अशी त्यांची मांडणी होती. देशातल्या विद्यापीठांत आणि तंत्रसंस्थांत विज्ञान-तंत्रज्ञान शिकणाऱ्यांसाठी वर्षाला २ लाख रुपये आणि परदेशी शिक्षणासाठी १ लाख रुपये, अशी त्यांची मागणी होती. ध्यानात घ्या, हे लिहिणारा माणूस स्वतः अर्थशास्त्राचा आणि कायद्याचा पंडित होता. स्वतःच्या विद्येची मर्यादा ओळखून त्याने पुढच्या पिढीसाठी वेगळी विद्या मागितली. त्या मागणीतून अनुसूचित जातींच्या मुलांसाठी सरकारी शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. मी शिकले ती त्याच शिष्यवृत्तीच्या वंशातल्या शिष्यवृत्तीवर. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, तेही कला आणि विज्ञान ह्या दोन्ही शाखांचे.

आता मी एका अशा बाईकडे वळते, जिचे नाव आपल्या मराठी लेखनात फारसे येत नाही. दाक्षायणी वेलायुधन. १९१२ साली कोचीन संस्थानात, एर्नाकुलमजवळच्या मुलवुकाड बेटावर, पुलया जातीत तिचा जन्म झाला. पुलया म्हणजे शेतमजुरी करणारी अस्पृश्य जात. रस्त्याने चालण्याची, अंगावर वस्त्र घेण्याची बंदी सोसलेली. ही मुलगी संस्थानच्या शिष्यवृत्तीवर एर्नाकुलमच्या महाराजा महाविद्यालयात गेली आणि १९३५ मध्ये रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झाली. देशात पदवी मिळवणारी ती पहिली दलित स्त्री मानली जाते. विज्ञानाच्या वर्गात ती एकटीच मुलगी होती. प्रयोग दाखवणारे सवर्ण शिक्षक तिला जवळ येऊ देत नसत. ती दूर उभी राहून पाहत असे, आणि जेवढे दिसेल तेवढ्यावरून शिकत असे.

मी स्वतः रसायनशास्त्राची आहे, म्हणून हे वाचताना मला जे झाले ते कदाचित दुसऱ्या शाखेच्या माणसाला होणार नाही. अनुमापन नावाचा प्रयोग असतो. उभ्या नळीतून एक द्रव थेंबाथेंबाने खालच्या चंबूत सोडायचा आणि रंग पालटतो त्या क्षणी हात थांबवायचा. तो क्षण एका थेंबाचा असतो. फिका गुलाबी रंग यायला लागतो, हलवला की जातो, पुन्हा येतो, आणि एका थेंबाला तो टिकतो. हे दहा फुटांवरून दिसत नाही. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर चंबू ठेवून त्यावर वाकावे लागते. त्या मुलीने तो रंग कसा ओळखला असेल? की ओळखलाच नसेल आणि पुस्तकातले पाठ करून लिहिला असेल?

मला हा प्रश्न पडतो, कारण मी तेच केले आहे. माझ्या वेळी कुणी मला दूर उभे केले नाही. कायदा होता, संविधान होते, जात विचारण्याची आता तशी पद्धत नव्हती. अकरावीला प्रवेश घेताना काचेच्या सामानाच्या मोडतोडीची अनामत रक्कम भरावी लागे आणि जे फोडाल त्याची किंमत त्यातून कापली जाई. वडिलांनी ती रक्कम उसनी आणली होती. मला सांगितले नव्हते, पण मला ठाऊक होते. चार-चार मुलांचे गट असत. मी दोन वर्षे ब्युरेटला हात लावला नाही. पिपेटही उचलली नाही. मी वही धरून मागे उभी राहायची आणि बाकीचे जे आकडे सांगत ते सुवाच्य अक्षरात लिहून घ्यायची. शिक्षक माझ्या वहीचे कौतुक करत. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी माझ्या हातून पहिल्यांदा एक चंबू फुटला. कुणी काही बोलले नाही, आणि त्या दिवसापासून मी प्रयोग करू लागले.

दाक्षायणीला शिक्षकाने दूर ठेवले आणि मला अनामत रकमेने. महाडला १९२७ साली चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावायचा होता. तो लावल्यावर त्यांनी तळे शुद्ध करून घेतले. स्पर्श हाच मुद्दा होता. प्रयोगशाळेतले काचपात्र आणि तळ्यातली ओंजळ ह्यांच्यात मला फारसे अंतर दिसत नाही. म्हणून 'विज्ञान सोडून राजकारणात गेली' हे वाक्य आमच्या स्त्रियांना लावणे मला अपुरे वाटते. आमची मुलगी प्रयोगाच्या टेबलापर्यंत पोहोचते तेव्हा ती राजकारण करूनच पोहोचलेली असते, मग तिला ते नाव ठाऊक असो वा नसो.

दाक्षायणीच्या पुढच्या वाटचालीतही हेच दिसते. पदवीनंतर तिने दहा वर्षे त्रिचूर आणि त्रिपुणितुरा येथील सरकारी शाळांत शिकवले. १९४० मध्ये तिचे लग्न झाले ते आपल्या महाराष्ट्रात, वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला, गांधी आणि कस्तुरबा ह्यांच्या उपस्थितीत. १९४५ मध्ये ती कोचीनच्या विधिमंडळात गेली आणि १९४६ मध्ये मद्रास प्रांतातून संविधान सभेवर निवडून आली. तेव्हा ती ३४ वर्षांची होती. संविधान सभेतल्या १५ स्त्रियांमध्ये दलित स्त्री ती एकटी. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी अस्पृश्यता नष्ट करणारे कलम सभेपुढे आले, जे आज संविधानात १७ वे आहे. त्या चर्चेत ती बोलली. ज्या मुलीला काचपात्राजवळ येऊ दिले नव्हते, तीच ही.

आपल्या चळवळीत तिचे नाव का घेतले जात नाही? एक कारण उघड आहे. ती काँग्रेसच्या बाजूने आली होती, आणि स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर तिचे मत बाबासाहेबांच्या मताविरुद्ध होते. तो मतभेद मी लपवत नाही; मला स्वतःला बाबासाहेबांचे म्हणणे बरोबर वाटते. परंतु मतभेद असलेली आपली माणसे विसरून जाण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही. आणि संविधान सभेत दोघेही होते; एक मसुदा समितीचा अध्यक्ष, दुसरी मागच्या बाकावरची रसायनशास्त्राची पदवीधर. पुढे तिला राजकारणात फारशी जागा मिळाली नाही. १९७१ मध्ये ती लोकसभेला उभी राहिली आणि हरली. १९७८ मध्ये वारली. वर चढलेल्या दलित स्त्रीच्या पायाखालची शिडी अशी अलगद काढून घेतली जाते, की ती कुणी काढली हेही दिसत नाही.

जगात विज्ञानातून सत्तेवर गेलेल्या स्त्रिया पुष्कळ आहेत. मार्गारेट थॅचर रसायनशास्त्राच्या पदवीधर होत्या. अँजेला मर्केल ह्यांनी त्याच विषयात डॉक्टरेट केली होती. मेक्सिकोच्या क्लाउडिया शाइनबाउम ऊर्जाविषयक संशोधन करणाऱ्या. त्या आधी राजधानीतल्या एका विभागाच्या प्रमुख झाल्या, मग २०१८ मध्ये सबंध मेक्सिको शहराच्या, आणि २०२४ मध्ये देशाच्या राष्ट्राध्यक्ष. वर्तमानपत्रे ह्या नावांची यादी मोठ्या हौसेने छापतात. पण थॅचरबाईंच्या रसायनशास्त्राने गिरणी-खाणकामगारांचे काय भले झाले, हे त्या कामगारांना विचारावे. विज्ञान शिकल्याने माणूस आपोआप न्यायी होत नाही. एवढे सांगून मी परत मुंबईत येते.

मुंबईतले आजचे उदाहरण वर्षा गायकवाड ह्यांचे. गणितात एम.एस्सी., नंतर बी.एड., आणि सिद्धार्थ महाविद्यालयात गणिताच्या प्राध्यापक. म्हणजे बाबासाहेबांनी काढलेल्या महाविद्यालयात विज्ञानशाखेत शिकवणारी दलित स्त्री. १९४२ च्या त्या निवेदनाचे फळ म्हणून दुसरे काय दाखवायचे? २००४ मध्ये त्या धारावीतून आमदार झाल्या आणि पुढे २००९, २०१४ आणि २०१९ असे सलग निवडून आल्या. महिला व बालविकास खात्याच्या मंत्री झाल्या, २०१९ ते २०२२ शालेय शिक्षणमंत्री होत्या. २०२४ मध्ये उत्तर मध्य मुंबईतून १६,५१४ मतांनी लोकसभेवर गेल्या.

येथे वाचक म्हणेल, त्यांचे वडील एकनाथ गायकवाड आमदार होते, मंत्री होते. २००४ मध्ये ते लोकसभेवर गेले म्हणून धारावीची जागा मुलीला मिळाली. ही घराणेशाही नव्हे काय? आहे. तो आक्षेप मी मान्य करते. पुढे २०२४ च्या अखेरीस धारावीतून त्यांची बहीण निवडून आली, हेही खरे. मात्र घराणेशाहीचा आक्षेप आपल्याकडे कुणावर किती जोराने घेतला जातो, तेही मोजावे. साखर कारखाने आणि शिक्षणसंस्था ह्यांच्या आधाराने तीन-तीन पिढ्या विधानसभेत बसलेल्या घराण्यांना 'वारसा' म्हणतात; दलिताच्या मुलीला मात्र लगेच 'घराणेशाही'. त्याहून महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. धारावी अनुसूचित जातींसाठी राखीव. लोकसभेची उत्तर मध्य मुंबईची जागा खुली. मुंबईत लोकसभेची एकही जागा राखीव नाही. राखीव जागेवरून निवडून येणाऱ्या दलित माणसाने खुल्या जागेकडे पाहू नये, अशी एक न लिहिलेली मर्यादा सर्व पक्षांनी पाळलेली असते. १९९८ मध्ये रामदास आठवले ह्याच नावाच्या मतदारसंघातून निवडून आले होते आणि २००४ मध्ये एकनाथ गायकवाड. त्यामुळे ही मर्यादा ह्या जागी आधीही मोडलेली आहे. दलित स्त्रीने ती मोडण्याचे मोल मला वेगळे वाटते. माझा प्रश्न फक्त एवढा उरतो : ज्या गणिताच्या प्राध्यापिकेचे वडील आमदार नाहीत, जी खलाशाची किंवा सफाई कामगाराची मुलगी आहे, तिची वाट कोणती?

कागदावर तिच्यासाठी वाट आहे. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिका-महापालिकांत स्त्रियांना एक तृतीयांश जागा दिल्या, त्यांत अनुसूचित जातींच्या जागांमधला स्त्रियांचा वाटाही आला. २०११ मध्ये महाराष्ट्राने हे प्रमाण निम्म्यावर नेले. २०२३ मध्ये लोकसभा आणि विधानसभांतही एक तृतीयांश जागांची घटनादुरुस्ती झाली, पण ती जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना ह्यांच्या खुंटीला बांधून ठेवली आहे.

आता ही वाट प्रत्यक्षात कशी चालते ते पाहा. वॉर्डाचे आरक्षण सोडतीने ठरते आणि निवडणुकीगणिक बदलते. एखादी बाई राखीव वॉर्डातून निवडून आली, पाच वर्षे गटारे, पायवाटा, नळजोडण्या ह्यांच्या मागे धावली, अर्थसंकल्प वाचायला शिकली, आणि पुढच्या सोडतीत तिचा वॉर्ड खुला झाला. मग पक्ष म्हणतो, ताई, ह्या खेपेला साहेबांना उभे राहू द्या. शिकलेली बाई घरी जाते. नव्या वॉर्डात नवी बाई शोधली जाते, बहुधा कुणाची तरी पत्नी, वहिनी, नाही तर शिकलेली गरीब मुलगी. ह्यांना अनुभवी स्त्री नको असते, दरवेळी कोरी स्त्री हवी असते. सोडतीचा हेतू असा नव्हता. पुरुषांनी तिचा उपयोग असा करून घेतला. मृणालताई १९६१ नंतर ज्या सलगपणे एकेक पायरी चढल्या, ती सलगताच आज नगरसेविकेच्या वाट्याला येत नाही. त्यातही २०२२ च्या मार्चमध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि पुढे साडेतीन वर्षांहून अधिक काळ निवडणूकच झाली नाही. तेवढ्या काळात किती जणी राजकारण शिकल्या असत्या, आणि शिकल्या नाहीत!

'बाकीचे आम्ही बघतो' ह्या वाक्याचा अर्थ आता वाचकाला कळावा. त्या पुढाऱ्याला सही करणारा हात हवा होता. तो हात एम.एस्सी. झालेला असला तर पत्रकात छापायला बरा.

माझी विद्यार्थिनी उभी राहिली नाही. मी तिला सल्ला दिला म्हणून नव्हे. सल्ला मी दिलाच नाही, हे वर कबूल केले आहे. तिच्या आईनेच नकार दिला. त्या बाई चार घरची कामे करतात, चौथीपर्यंत शिकल्या आहेत. त्या पुढाऱ्याला म्हणाल्या, "दादा, तिची परीक्षा झाल्यावर या. आणि येताना बाकीचे काय बघणार ते कागदावर लिहून आणा." ते परत आले नाहीत. २०२६ च्या जानेवारीत निवडणूक झाली. उमेदवारी दुसऱ्याच एका घरात गेली.

परंतु गोष्ट तिथे संपली नाही, म्हणूनच मी हा लेख लिहिते आहे. मार्चमध्ये त्यांच्या गल्लीत उलट्या-जुलाबाची साथ आली. आमच्या टेकडीवर पाण्याच्या नळ्या गटाराच्या कडेने, कुठे कुठे गटारातूनच गेलेल्या आहेत. नळी फुटकी असली आणि पुरवठा बंद असताना आतला दाब उतरला, की बाहेरची घाण आत ओढली जाते. म्हणून पाण्यात थोडा क्लोरीन शिल्लक ठेवतात. भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या तोंडाशी तो लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम सापडला पाहिजे. तपासणे सोपे आहे : ठरावीक पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे काही थेंब टाकायचे, क्लोरीन असेल तर पाणी पिवळे होते, नसेल तर होत नाही. पिवळेपणावरून प्रमाण कळते. हे द्रव्य अंगावर उडू देऊ नये एवढी मात्र काळजी घ्यावी लागते.

ती माझ्याकडे आली आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून परीक्षानळ्या मागितल्या. मी रीतसर नोंद करून दिल्या. तिने पाच दिवस, पाणी येण्याच्या वेळेला, म्हणजे पहाटे, बारा नळांवर जाऊन नमुने घेतले. खालच्या नळांवर पाणी पिवळे झाले. वर चढत गेले तसा रंग फिका पडत गेला, आणि शेवटच्या चार नळांवर तो आलाच नाही. तिने तक्ता केला. कुठला नळ, कुठली वेळ, काय रंग. गल्लीचा नकाशा हाताने काढला आणि नळी गटारातून जाते त्या दोन जागांवर फुल्या मारल्या. मग गल्लीतल्या बायकांच्या सह्या आणि अंगठे घेतले, त्रेपन्न झाले. ही सगळी मंडळी घेऊन ती अर्ज द्यायला गेली.

टेबलामागच्या माणसाने विचारले, "तुम्ही कोण? कुठल्या पक्षाच्या?"

ती म्हणाली, "शेवटच्या चार नळांपैकी तिसरा आमचा."

अर्जावर आवक क्रमांकाचा शिक्का बसला. त्यानंतर पंधरा दिवसांनी दोन फुल्यांपैकी एका ठिकाणची नळी बदलली. दुसऱ्या ठिकाणची अजून तशीच आहे. एम.एस्सी.च्या परीक्षेत ती पहिल्या वर्गात आली. परीक्षानळ्या परत करायला आली तेव्हा एक कमी होती. "उतारावर पाय घसरला, मॅडम, फुटली," म्हणाली, आणि पैसे काढू लागली. मी नोंदवहीत 'कामात फुटली' असे लिहिले. मग तिने विचारले, दुसऱ्या फुलीसाठी नव्याने अर्ज करायचा असेल तर आणखी सहा नळ्या मिळतील का.